मढ्याशी झुंज

ज्यांगशी म्हणजे ताठरलेले प्रेत. चिनी लोकसमजुतीनुसार हे मढे रात्री शवपेटीतून उठते. सांधे आखडलेले असल्याने त्याला चालता येत नाही. दोन्ही पाय जुळवून, हात समोर ताठ धरून ते उड्या मारत येते आणि श्वासावरून जिवंत माणसाचा माग काढते. छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा झगा, गोल टोपी आणि कपाळावर चिकटवलेला मंत्राचा पिवळा कागद हे त्याचे आज जगभर ओळखले जाणारे रूप मात्र फार जुने नाही. ते पक्के केले हाँगकाँगच्या सिनेमाने, १९८०च्या दशकात. भय, विनोद आणि कुंगफू यांची मोट बांधणाऱ्या त्या चित्रपटांना पुढे ज्यांगशी-पट असेच नाव पडले.

हा मेळ वाटतो तितका सोपा नव्हता. भुताला शरीर नसते आणि मारामारीला शरीर लागते. जे धरता येत नाही, ज्याला ठोसा लागत नाही, त्याच्याशी लढणारा नायक पडद्यावर नुसताच हवेत हात मारताना दिसणार. चिनी लोककथेत मात्र ही अडचण सुटण्याची सोय होती. तिथे देव माणसाच्या अंगात येऊन लढू शकतो आणि मेलेल्याचा देह विवेक हरपूनही उठू शकतो. हाँगकाँगच्या दिग्दर्शकांनी आधी पहिली वाट चोखाळली, मग दुसरी. पैसा मिळाला तो दुसरीवर.

प्रेत उठण्यामागचा विचार असा. माणसाच्या ठायी दोन प्रकारचे आत्मे असतात. हुन हा हलका, विवेकाचा. पो हा जड, देहाशी जखडलेला. मृत्यूनंतर हुन निघून जातो, पो काही काळ देहातच रेंगाळतो. अंत्यविधी यथासांग झाले, प्रेत योग्य जागी पुरले गेले, तर पोही विरून जातो. अपमृत्यू आला, परमुलखात मरण आले किंवा दफनाची जागा चुकली, तर विवेक गेलेला देह निव्वळ पोच्या बळावर हालू लागतो. मराठी वाचकाला इथे वेताळ आठवेल. पण वेताळ बाहेरून येऊन प्रेतात शिरतो. ज्यांगशीत बाहेरचे कोणी नसते. ते त्याच माणसाचे मागे उरलेले शरीर असते, म्हणूनच ते आपल्या घरच्यांवरही चाल करून जाते.

छिंग काळातल्या विद्वानांनी अशा कथा हौसेने टिपून ठेवल्या. पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या ‘ल्याओजाय’ या प्रसिद्ध कथासंग्रहात शांतुंग प्रांतातल्या एका खाणावळीची गोष्ट आहे. जागा नसल्यामुळे चार गाडीवानांना मालकाच्या नुकत्याच मेलेल्या सुनेचे प्रेत ठेवलेल्या दालनात झोपावे लागते. रात्री प्रेत उठते आणि झोपलेल्यांच्या तोंडावर फुंकर घालत जाते. तिघे मरतात. चौथा डोक्यावरून पांघरूण ओढून श्वास रोखून धरतो आणि संधी मिळताच पळ काढतो. प्रेत त्याच्या मागे धावते. शेवटी तो एका झाडाआड उभा राहून हुलकावण्या देत असताना ते झेप घेते आणि झाडालाच मिठी मारून ताठरते. सकाळी पाहावे तर बोटे खोडात आकड्यांसारखी रुतलेली. तीन शतकांनी हाँगकाँगच्या पडद्यावर ज्यांगशी समोर येताच माणसे श्वास रोखून उभी राहू लागली, त्याचे बीज या खाणावळीत दिसते.

युआन मेई याने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातली एक कथा याहून बोचरी आहे. मेलेला विद्वान रात्री आपल्या धाकट्या मित्राला भेटायला येतो, म्हाताऱ्या आईची आणि बायकोची काळजी घ्यायला सांगतो, हस्तलिखिते छापायची विनंती करतो. बोलणे संपते, पण पाहुणा जात नाही. बघता बघता त्याचा चेहरा विद्रूप होऊ लागतो आणि ज्याला एवढे विश्वासाने सांगितले, त्याच मित्राच्या मागे तो लागतो. निरोप घ्यायला आला होता तो हुन. तो गेल्यावर उरला तो पो. त्याच पिढीतला जी युन हा सम्राटाच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाचा मुख्य संपादक. त्याने तर ज्यांगशींचे वर्गीकरणच केले: पेटीत ठेवण्याआधी अचानक उठणारे ताजे प्रेत एक, आणि वर्षानुवर्षे पुरूनही न कुजता रूप पालटलेले प्रेत दुसरे.

या कथांतली प्रेते धावतात, झडप घालतात. रांगेने उड्या मारत जाणारी प्रेते आली ती हूनान प्रांताच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातून, श्यांगशीतून. घरापासून दूर मेलेल्या माणसाला गावच्या मातीत पुरले नाही तर त्याला शांती नाही, ही श्रद्धा खोल होती आणि डोंगरवाटांनी शवपेटी वाहून नेणे गरिबाला परवडणारे नव्हते. अशा वेळी ताओ पंथाचा मांत्रिक मंत्राच्या जोरावर प्रेतांना उभे करून, रात्रीच्या अंधारात, घंटा वाजवत घरी चालवत नेतो, अशी समजूत तिथे रुजली. घंटा अशासाठी, की वाटेत कोणी असेल त्याने बाजूला व्हावे. यामागचा एक तर्क फार सांगितला जातो. प्रेतांचे हात दोन लांब बांबूंना बांधून पुढे-मागे दोन माणसे ते खांद्यावर घेत असावीत; बांबू लवचीक, त्यामुळे चालताना प्रेते वरखाली हिंदकळत आणि लांबून पाहणाऱ्याला ती उड्या मारताहेत असे वाटे. या आडोशाने चोरटा मालही जात असावा, असाही संशय आहे. तर्क खरा असो वा नसो, मांत्रिक, घंटा आणि मागून येणारी मुकाट रांग हे दृश्य सिनेमाला आयतेच मिळाले.

सिनेमाने आधी पकडले ते देव आणि तलवारी. १९२८ साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने झांग शिचुआन याच्या दिग्दर्शनाखाली ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ हा चित्रपट काढला. हातातून निघणाऱ्या विजा, आपोआप उडणाऱ्या तलवारी, ढगांवरून जाणारे योद्धे पाहायला लोकांची अशी झुंबड उडाली, की १९३१पर्यंत त्याचे एकूण १८ भाग निघाले. आज त्यांतला एकही उपलब्ध नाही. पडद्यावर तलवारी भिडल्या की प्रेक्षक कसे आरोळ्या ठोकत, याचे वर्णन माओ दुन या लेखकाने केले आहे. डोंगरातला गुरू शोधायला मुले घर सोडून निघाल्याच्या बातम्याही येऊ लागल्या. राष्ट्रवादी सरकारला देशाची आधुनिक प्रतिमा हवी होती, त्यात हे बसत नव्हते. १९३१मध्ये अंधश्रद्धा पसरवणारे म्हणून अशा चित्रपटांवर बंदी आली. त्यानंतरही हा प्रकार तग धरून राहिला तो ब्रिटिशांच्या हाँगकाँगमध्ये. १९३६ साली तिथे ‘मध्यरात्रीचा ज्यांगशी’ हा चित्रपट निघाल्याची नोंद सापडते. १९५०-६०च्या दशकांतल्या कँटनी चित्रपटांत नायकाच्या तळव्यातून निघणारे किरण थेट फिल्मवर रेखाटले जात. ती करामत आज हास्यास्पद वाटते. त्या काळच्या पोरांना वाटत नव्हती.

१९७०च्या दशकात कुंगफूपट जगभर गाजू लागले, तेव्हा भयपटाशी त्यांची सोयरीक जुळवायचा पहिला मोठा प्रयत्न परक्यांच्या साथीने झाला. १९७४ साली लंडनच्या हॅमर कंपनीने शॉ ब्रदर्सबरोबर ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हँपायर्स’ काढला. पीटर कुशिंगचा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग चीनमध्ये येतो आणि डेव्हिड च्यांग व त्याची भावंडे ड्रॅक्युलाच्या टोळीशी लढतात. यातले राक्षस युरोपचेच. फरक एवढाच, की क्रुसाऐवजी ते बुद्धमूर्तीला घाबरतात. दोन्हीकडचे कारागीर आपापले काम करून मोकळे झाले आणि चित्रपट सांधलेलाच राहिला.

खरी वाट सापडली ती लाउ कार-लेउंग याला, तीही भयाच्या नव्हे तर थट्टेच्या रस्त्याने. हा हुंग घराण्याच्या कुंगफूतला पट्टीचा जाणकार. त्याच्या वडिलांची गुरुपरंपरा थेट वाँग फेई-हुंग या नामांकित योद्ध्यापर्यंत जाते. १९७५च्या ‘द स्पिरिच्युअल बॉक्सर’मध्ये त्याने अंगात देव आणून लढणाऱ्यांची फिरकी घेतली. यामागे ताजा इतिहास होता. १९०० सालच्या बॉक्सर बंडात उत्तर चीनमधले शेतकरी, अंगात देव आला की गोळी लागत नाही या विश्वासाने परकीय फौजांसमोर उभे राहिले आणि मारले गेले. चित्रपटाचा नायक मात्र अंगात आल्याचे सोंग करून गावोगाव पैसे काढणारा भोंदू आहे. संकट आल्यावर त्याला खऱ्या कौशल्याचा आधार घ्यावा लागतो. चार वर्षांनी लाउने ‘द शॅडो बॉक्सिंग’ केला. त्यात प्रेते चालवत नेणारा मांत्रिक आणि त्याचा चेला येतो, आणि त्या रांगेत गॉर्डन लिऊचा फरारी माणूस मेल्याचे सोंग घेऊन लपतो. दोन्ही चित्रपटांत देव आणि भूत यांपेक्षा त्यांच्या नावावर चालणारा धंदा महत्त्वाचा आहे. पुढच्या सगळ्या ज्यांगशी-पटांनी हा धंद्याचा धागा सोडला नाही.

१९८०मध्ये सामो हंग याने ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः नायकही झाला. नायक चाँग आपल्या धाडसाची फुशारकी मारणारा. त्याच्या बायकोचे त्याच्याच श्रीमंत मालकाशी संबंध असतात. काटा काढायला मालक एका मांत्रिकाला पैसे चारतो आणि पैज लावून चाँगला पडक्या देवळात रात्र काढायला भाग पाडतो. दुसरा एक मांत्रिक चाँगला गुपचूप तोड सांगतो: प्रेत उठू लागले की पेटीत कोंबडीची अंडी टाकायची. पण विकणारा त्यात बदकाची अंडी मिसळतो आणि नेमक्या त्या अंड्याला प्रेत बाहेर येते. सगळ्या अनर्थाचे मूळ शेवटी अंडीवाल्याची भेसळ निघते, आणि हा विनोद इतका चालला, की पाच वर्षांनी तो तांदळाच्या रूपाने परत आला.

याच चित्रपटात खाणावळीतला एक प्रसंग आहे. मांत्रिक दूर बसून चाँगच्या एका हाताचा ताबा घेतो, आणि जेवता जेवता तो हात खुद्द चाँगलाच बदडू लागतो, आजूबाजूच्यांना मारू लागतो. एका देहाचे दोन लढवय्ये. समोर भूत दिसत नाही, कुठलीही यांत्रिक करामत नाही, तरी भुताची मारामारी पुरेपूर दिसते. शेवटच्या झुंजीत दोन मांत्रिक उंच वेद्यांवर बसून देवांना बोलावतात आणि खाली लढणाऱ्यांच्या अंगात वानरराज सुन वुकोंगसारखी दैवते संचारतात. ही चाल, ही मुद्रा, हे कोलांटणे सारे पेकिंग ऑपेराचे होते. सामो हंग लहानपणी हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या ऑपेराशाळेत वाढला. जॅकी चॅन, युएन बियाओ, युएन वाह हे त्याचे तिथलेच सोबती. त्या शाळांत मुलांना वर्षानुवर्षांच्या कराराने घातले जाई आणि पहाटेपासून छडीच्या धाकात कसरत करवून घेतली जाई. पण ही पोरे तयार होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला आणि ती सिनेमात धोक्याची कामे करणारी म्हणून शिरली. ऑपेराला नकोसे झालेले हे कौशल्य भुतांच्या सिनेमाला हवे होते. ताठ उभ्या अवस्थेतून पाठीवर सपकन पडायची एक चाल ऑपेरात घोटून घेत, आणि तिला मढ्याचेच नाव होते.

सामो हंगच्या बो हो कंपनीने १९८५ साली ‘मिस्टर व्हँपायर’ काढला. दिग्दर्शक रिकी लाउ हा मूळचा छायाचित्रकार. हाँगकाँगमध्ये या चित्रपटाने दोन कोटी स्थानिक डॉलरांहून अधिक कमाई केली आणि पुढच्या सर्व ज्यांगशी-पटांचा साचा घालून दिला. काळ प्रजासत्ताकाच्या सुरुवातीचा. गावातला धनिक याम आपल्या बापाचे प्रेत वीस वर्षांनी उकरून पुन्हा पुरायचे ठरवतो. दक्षिण चीनमध्ये असे दुसरे दफन रूढच आहे. काही वर्षांनी अस्थी काढून, साफ करून त्या मडक्यात ठेवतात. इथे पेटी उघडल्यावर प्रेत जसेच्या तसे निघते. बापाने दफनाच्या जागेचे शुभाशुभ पाहणाऱ्या एका जाणकाराला धमकावून त्याची जागा बळकावली होती. त्या जाणकाराने सूड म्हणून दफनच चुकीचे करायला सांगितलेले असते. अन्यायाने मिळवलेली जमीन घराण्यावर उलटते, आणि ज्यांगशी झालेला बाप पहिला बळी घेतो तो आपल्याच मुलाचा.

त्याच्याशी लढतो तो ताओ मांत्रिक, सगळे ज्याला ‘नववे काका’ म्हणतात तो. पिवळा झगा, जुळलेल्या भुवया, चेहऱ्यावर कायमचा वैताग. कागदावर हिंगुळाने मंत्र लिहिणे, पीचच्या लाकडाची तलवार, जुनी नाणी दोऱ्यात ओवून केलेली तलवार, अष्टकोनी आरसा, सुतार सरळ रेघ मारायला वापरतो ती दोरी कोंबड्याच्या रक्तात आणि शाईत भिजवून पेटीवर आखलेल्या रेघा: ही सगळी अवजारे तो एखाद्या मुरलेल्या कारागिराच्या सफाईने वापरतो. चेले पेटीच्या तळाला रेघा मारायला विसरले, की प्रेत तिथूनच सुटते. जखमेतले विष उतरवायला चिकट तांदूळ लागतो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून विकतो. या चित्रपटाची भीती बहुतांशी कामात झालेल्या हयगयीची आहे. सुरुवातीला दुसरा एक मांत्रिक प्रेतांची रांग घेऊन मुक्कामाला येतो, तोही गिऱ्हाइके घेऊन आलेल्या दलालासारखाच वागतो.

नवव्या काकांचे काम करणारा लाम चिंग-यिंग (जन्म १९५२) हाही ऑपेराशाळेतून आलेला. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच तो ब्रूस लीच्या चित्रपटांत मारामाऱ्यांचा साहाय्यक झाला. ‘द प्रॉडिगल सन’ (१९८१) या चित्रपटात त्याने स्त्रीपार्टी नटाची भूमिका केली होती. ज्यांगशी झाला युएन वाह, जो ब्रूस लीच्या कोलांट्या त्याच्या जागी मारत असे. हाँगकाँगमधल्या सर्वांत लवचीक माणसांपैकी एकाला हातपाय न वाकवता लढायला लावले, आणि त्यातून पूर्वी न दिसलेली मारामारी जन्मली. नायक वळतो, लवतो, टेबलाखालून निसटतो. समोरचा एकाच सरळ रेषेत येतो आणि पाडला तरी फळीसारखा उभा राहतो. कुंगफूपटातल्या तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ही विजोड जोडी पडद्यावर अधिक रंगली.

ज्यांगशीच्या अंगावरच्या अधिकाऱ्याच्या झग्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. सधन माणसाला मानाच्या पोशाखात पुरायची चाल होती, हे त्याचे साधे कारण. पण छिंग सम्राट मांचू होते, परके मानले जात. कँटनी प्रेक्षकाला तो पोशाख जुलमी सत्तेची आठवण देई, हेही खरे. डिसेंबर १९८४मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात १९९७ सालच्या हस्तांतराचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. त्यामुळे उत्तरेकडून उड्या मारत येणाऱ्या मढ्यात समीक्षकांना हाँगकाँगकरांची धास्ती दिसली. हे वाचन आकर्षक आहे. मात्र त्यासाठी चित्रपटातला चिकट तांदूळ आणि भेसळ करणारा वाणी विसरावे लागतात, आणि प्रेक्षक हसले ते त्यांनाच.

यशानंतर व्हायचे तेच झाले. चार वर्षांत अधिकृत उत्तरभाग निघाले, नकलांची गणतीच नव्हती. तैवानमध्ये १९८६पासून लहान मुलांना घेऊन केलेले ज्यांगशी-पट आले आणि ते जपानी दूरचित्रवाणीवर तुफान गाजले. जपानी मुले कपाळावर कागद चिकटवून उड्या मारू लागली. १९८९च्या ‘सुपर मारिओ लँड’ या व्हिडिओ खेळातही उड्या मारणारे मढे शत्रू म्हणून आहे. लाम चिंग-यिंगने त्याच वर्षी ‘व्हँपायर व्हर्सेस व्हँपायर’ स्वतः दिग्दर्शित केला. त्यात युरोपी रक्तपिपासू चीनमध्ये येतो आणि मांत्रिकाचे नेहमीचे तोडगे त्याच्यावर चालत नाहीत. १९९१च्या ‘क्रेझी सफारी’त ज्यांगशी थेट आफ्रिकेत पोचला. कल्पना संपल्याची खूण म्हणून तो पुरेसा आहे.

याच सुमारास एक तिसरी वाटही निघाली होती. चिंग सिउ-तुंग दिग्दर्शित आणि त्सुई हार्क निर्मित ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’ (१९८७) पू सोंगलिंगच्याच एका कथेवर बेतलेला. यात भूत म्हणजे सुंदर तरुणी, तिची मालकीण वृक्षपिशाच्च, आणि त्या पिशाच्चाची अजगरासारखी वाढत जाणारी जीभ हेच झुंजायचे शरीर. तारांवर तरंगणारी माणसे, फडफडणारी रेशमी वस्त्रे, निळा प्रकाश. जमिनीवर पाय रोवून लढणाऱ्या ऑपेरावाल्यांची सद्दी संपत असल्याचे यात दिसते. वू मा हा दोन्हीकडे वावरलेला माणूस: १९८२चा ‘द डेड अँड द डेडली’ त्याने दिग्दर्शित केला होता, आणि इथे त्याने दाढीवाल्या मांत्रिक-योद्ध्याचे काम केले.

१९९२नंतर चित्रपटगृहांतली लाट ओसरली. लाम चिंग-यिंग दूरचित्रवाणी मालिकेत मांत्रिकच होऊन आला; त्या झग्यातून त्याची सुटका झाली नाही. यकृताच्या कर्करोगाने ८ नोव्हेंबर १९९७ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर बाजारही बदलला. २००३पासून हाँगकाँगचे निर्माते चीनशी भागीदारीत चित्रपट काढू लागले, आणि तिथल्या परिनिरीक्षकांना पडद्यावर भुते खपत नाहीत. २००८च्या ‘पेंटेड स्किन’ या पू सोंगलिंगच्याच कथेवरच्या चित्रपटात मूळ कथेतले पिशाच्च बदलून कोल्हीण-यक्षिणी केली गेली.

जूनो माक याने २०१३ साली ‘रिगर मॉर्टिस’ काढला तो ही मुख्य बाजारपेठ सोडूनच. ‘मिस्टर व्हँपायर’मध्ये चेल्याचे काम केलेला चिन सिउ-हो त्यात एका उतरत्या वयाच्या, काम न उरलेल्या नटाच्या भूमिकेत जुनाट वसाहतीत राहायला येतो, आणि त्याच जुन्या चित्रपटात प्रेते चालवणारा मांत्रिक झालेला अँथनी चॅन या वसाहतीत भाताचे पदार्थ विकतो. हसू पार नाहीसे झाले आहे, दुःख आणि रक्त पुष्कळ आहे. चीनमधल्या ऑनलाइन वाहिन्यांसाठी मात्र गेल्या दशकात ‘नवव्या काकां’च्या नावाने स्वस्तातले चित्रपट निघत राहिले. त्यांत प्रेते उठतात, पिवळे झगे आणि तलवारी फिरतात. शेवटी बरेचदा खुलासा येतो, की तो रोग होता, विषबाधा होती किंवा कुणाची तरी लबाडी होती.